मला पाठ केलेली मुले

मित्रांनो, पाटी म्हटल्यावर लगेच पेन्सिल शोधू नका. मी ठोकळ्यांची एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्या अंगात निरनिराळ्या आकारांचे खळगे आहेत. मधे वर्तुळ, खाली चांदणी, तिच्या शेजारी चौकोन आणि वर डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर. ज्याचा ठोकळा त्याच्याच खळग्यात बसतो. दुसरा कोंबू पाहिलात तर मी मुळीच ऐकत नाही. स्वभावाने मी पहिल्यापासून हट्टी.

मला ज्या सुताराने घडवले, तो प्रत्येक ठोकळ्याची कड स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा. मुलांच्या बोटांना टोचायला नको, म्हणायचा. त्याच्या गालावरची दाढीच मला जास्त टोचायची, पण ते दिवस सुखाचे होते.

तिथून मी एका शाळेत आले. वरच्या मजल्यावर, सायकली लावायच्या जागेकडे खिडकी असलेली एक छोटी खोली होती. तिथे एक बाई मुलांच्या मनाचा अभ्यास करत. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी दुपारचे खेळ तयार केले होते. बटणे लावणे, दोरीचे आकार करणे, असे काहीबाही. या खेळांनी मुलांची समज वाढते का, हे मापायचे काम माझे. बाई माझ्यावर निळे कापड टाकत, ठोकळ्यांचा ढीग शेजारी ठेवत, कापड उचलत आणि घड्याळाचे बटण दाबत. मूल जितक्या लवकर मला भरेल तितके चांगले.

खेळांचा उपयोग दिसला तर मुले याच शाळेत राहणार होती. नाहीतर त्यांना गावाबाहेरच्या वेगळ्या शाळेत पाठवायचे ठरले होते. त्यांच्यात एक मुलगी होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिची ताई वरच्या वर्गात होती. ती तिला हाताला धरून आणायची आणि तशीच घरी न्यायची. वेगळ्या शाळेत ताई नसणार, हे त्या पोरीला पुरते ठाऊक होते.

पहिल्या दिवशी तिने चंद्रकोर उलटसुलट करून बघितली. डोळ्यांत पाणी आले. बाईंनी मदतीला हात पुढे केला नाही. शेवटी टक् आवाज करून चंद्रकोर बसली, तेव्हा तिने माझ्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

सत्र संपल्यावर मला पुन्हा बाहेर काढले. आता मुले मला भराभर भरू लागली. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली, आणि बाईंचे तर पाय जमिनीवर नव्हते. मीही हुरळून गेले. गोगलगाय तेवढी आजारी होती, म्हणून तिची पाळी सर्वांत शेवटी आली.

बाई कापड नीट करत होत्या. तेवढ्यात तिने कापडावरच डाव्या कोपऱ्यात बोट ठेवले.

"बाई, चंद्र इथे आहे."

"कापडातून दिसतो का गं तुला?"

"नाही. तो नेहमी तिथेच असतो. चांदणी खाली, तिच्या शेजारी चौकोन. डबा खाताना आम्ही सगळे मिळून म्हणतो, पाढ्यासारखं."

बाईंनी घड्याळ खाली ठेवले. मुले हुशार झाली होती, की त्यांना मीच पाठ झाले होते?

त्यांनी शेजारच्या शाळेतली अशीच मागे पडणारी मुले बोलावली. त्यांना खेळ काहीच दिले नाहीत, फक्त थोड्या दिवसांच्या अंतराने मला दोनदा भरायला लावले. दुसऱ्या वेळी तीही भराभर भरू लागली. ज्या कौतुकावर मी फुगले होते, ते खेळांचे होते की नुसत्या माझ्या ओळखीचे, ते मलाही सांगता येईना.

बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळले नसते. पण त्या मला काखेत घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"आकडे चांगले आलेत ना? मग कशाला उकरून काढता?" ते म्हणाले.

"मुलांना पाटी पाठ झालीय, सर. खेळांनी काय झालं, ते यातून कळतच नाही."

"मग पाठवू या का मुलांना तिकडे?"

"तेही यातून कळत नाही. कुणी न पाहिलेली पाटी करून घेते. तोवर मुलांना इथंच राहू द्या."

मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावले. "एक सत्र देतो. मग जे येईल ते मान्य करायचं. तुम्हीसुद्धा."

दाराबाहेर दोघी बहिणी उभ्या होत्या. ताईने विचारले, "बाई, हिला पाठवणार?" बाई म्हणाल्या, "मला अजून माहीत नाही गं." ताई रडू लागली आणि गोगलगाय माझ्याकडे बघत राहिली, जणू तिच्याच बोलण्याने सगळे बिघडले होते.

बाईंनी शेजारच्या शाळेतल्या त्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्यांना खेळ दिले, अर्ध्यांना पुढच्या सत्रापर्यंत थांबवले. सत्राअखेरीस कपाटातून नवी पाटी निघाली. तिच्यावर मासा, पान आणि पतंग. खरे सांगते, मला तिचा फार राग आला. खेळ खेळलेली मुले तिच्यावर पुढे निघाली, पण थोडीशीच.

"एवढंच?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"एवढंच. पण आता हे खेळांचं आहे."

तेवढ्यावर वर्ग चालू राहिला. गोगलगाय ताईचा हात धरून त्याच शाळेत येत राहिली.

माझे मापायचे काम मात्र संपले. मी कपाटाच्या तळाशी, फुटक्या पृथ्वीगोलामागे जाऊन पडले. धूळ साचली, चांदणीचे एक टोक तुटले. मुलांचे आवाज ऐकू यायचे, पण हात लागायचा नाही. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला पुसून बाईंच्या खोलीबाहेर, थांबणाऱ्या मुलांसाठी ठेवले.

परवा एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. आमच्या बाईंशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघता तिचे हात ठोकळे बसवू लागले. पहिली चंद्रकोर. मी ते हात लगेच ओळखले.

"तेव्हा ताई रडली," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, मी उगाच बोलले."

बाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्या म्हणाल्या, "तू बोलली नसतीस, तर मी जन्मभर मुलांना पाटीच शिकवत बसले असते, आणि म्हटलं असतं, बघा, किती हुशार झाली."

मित्रांनो, मला ओल्या हातांनी धरू नका, आणि खेळून झाल्यावर ठोकळे जागच्या जागी ठेवा. आणि कुणी मला पटकन भरले, तर त्याला शाबासकी जरूर द्या, पण एकदा नवी पाटीही देऊन बघा.

गोगलगायीच्या मुलाने ठोकळे काढून टाकले आणि चंद्रकोर हातात घेतली. तो ती उलटसुलट करू लागला. आईचा हात त्याला दाखवायला पुढे आला, माझ्या डाव्या कोपऱ्याजवळ थांबला, आणि तिने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.