ओल्या रस्त्याचा आकडा

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. साइन, कॉस, लॉग सगळं येतं. आत्मविश्वास तेवढा येत नाही. म्हणून साध्या प्रश्नालाही नऊ दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. खात्री असलेली माणसं लवकर थांबतात.

कारखान्यातलं बालपण आठवत नाही. आठवतं ते दुकान. भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी माझं प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि मला मुलीच्या हाती दिलं. मला नीट तपासलं. मुलीला काही विचारलं नाही.

पदवीची दोन वर्षं तिने मला इमानेइतबारे वापरलं. मग एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मी भौतिकशास्त्र सोडतेय. कायद्याला प्रवेश घेतलाय."

बाबा पाणी प्यायले, उठले आणि त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. निर्वात पोकळीतून आवाज जात नाही, हे जन्मभर शिकवलेलं. आता घरातच प्रात्यक्षिक सुरू झालं. "तुझ्या मुलीला पंखा बंद करायला सांग," असं ते आईला सांगत. मुलगी शेजारीच बसलेली.

पहिल्याच वर्षी विज्ञानातून पळ काढलेले काका विज्ञानाचं महत्त्व सांगून गेले. आत्या म्हणाली, "भांडायला शिकायला कॉलेज कशाला? आमच्याकडे राहायला ये."

माझीही बढती झाली. कायद्याची पानं उडू नयेत म्हणून मला त्यांवर ठेवू लागले.

पुढे कॉलेजात लुटुपुटूचा खटला ठरला. विषय अपघाताचा. ब्रेक लागल्यावर गाडी किती घसरली, त्यावरून वेग काढायचा. तिने मला उचललं, ओल्या रस्त्याच्या घर्षणाचा आकडा घातला. उत्तर बिनचूक. मी फुशारलो, तोच तिने ते पुसलं. कोरड्या रस्त्याचा आकडा घालून, बाहेरच्या खोलीकडे तोंड करून, तो चुकीचा वेग मोठ्याने वाचू लागली.

बाहेर वर्तमानपत्राची घडी झाली.

"रस्ता ओला होता ना?" बाबा दारात उभे होते.

"हो."

"मग कोरड्याचा आकडा कसा घेतलास? समोरचा वकील सोलून काढेल तुला. सरक."

बाबा पेन्सिल घेऊन बसले. स्वयंपाकघरातली भांडी एकदम गप्प झाली.

"पुन्हा सांगा ना, बाबा. कळलं नाही," मुलगी म्हणाली. याच धड्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि शिकवणारे हेच.

म्हणजे तिचा डाव बाबांनाही कळला असेल? छातीठोक सांगवत नाही. पण हल्ली चहाच्या वेळी ते तिला थेट विचारतात, "पुढचा खटला कशाचा?"

आता माझी बटणं अडतात, पडदा फिका पडलाय. पुसलेला आकडा मात्र लख्ख आठवतो. तेवढं आपल्यातच ठेवा. मला कोणी साक्षीला बोलावू नका.