आम्रपालीची बेचाळीस मिनिटं

शपथेवर सांगितलं तरी यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, तरी ऐका. बिबवेवाडीत चार वर्षांच्या एका मुलीने भर सभेत सोसायटीच्या अध्यक्षांचं मत फिरवलं, तेही दोन वाक्यांत!

साल दोन हजार. ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता, ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं त्यालासुद्धा. सोसायटीच्या तळमजल्यावर कांताबाई बावीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. अध्यक्ष बद्रीनाथांनी फळ्यावर नोटीस लावली: रविवारी ठराव, बालवाडी बंद, त्या खोलीत कॉम्प्युटर क्लास. आणि ठरावाला पहिला पाठिंबा कोणाचा? कांताबाईंच्याच मुलाचा, आयटीतल्या अभयचा!

"आई, पोरं तिथे नुसती खेळतात. जग कुठे चाललंय बघ."

"जाऊ दे की जगाला. पोरांना आधी बुटाची नाडी तर बांधू दे," कांताबाई म्हणाल्या.

आता सगळी मदार सुनेवर. कल्याणी मॉन्टेसरी शिक्षणावर पीएच.डी. करत होती. त्याच वर्गात स्टॉपवॉच घेऊन बसायची, मूल एका कामात किती वेळ रमतं ते टिपायची. हे आकडे सभेत मांडायचे आणि खोली वाचवायची, असा तिचा बेत. पण सरासरी निघाली चार मिनिटं! ती रडकुंडीला आली.

"आई, हे वाचून दाखवलं तर सोमवारी कुलूपच लागेल."

कांताबाईंनी वही चाळली. "यात मुलांचे रकाने आहेत. मोठ्यांचा कुठाय?"

"मोठ्यांचा कशाला?"

"काल तासाभरात मुलांच्या कामात कोण किती वेळा मध्ये बोललं, त्याच्या मी पाटीवर रेघा मारल्यात. मोज."

सदतीस! त्यातल्या एकोणीस खुद्द कल्याणीच्या. 'शाब्बास!', 'अगं, असं नाही, असं', 'पाणी हवं का, सोन्या?' उरलेल्या खिडकीतून डोकावणाऱ्या आयांच्या.

"मूल कंटाळत नाही गं," कांताबाई म्हणाल्या. "आपणच त्याला कामावरून उठवतो."

संशोधकबाईंनी तिथल्या तिथे पट्टी घेऊन वहीत रेघ ओढली! त्या दिवसापासून वहीत नवा रकाना आला: मोठ्यांचा व्यत्यय. आया खिडकीपासून लांब गेल्या. कल्याणी हाताची घडी घालून, ओठ मिटून बसू लागली. चाराची अकरा मिनिटं झाली, अकराची पंचवीस.

रविवार उजाडला. खोली गच्च भरली. कोपऱ्यात सतरंजीवर अभयची मुलगी आम्रपाली लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. भाषणं झाली, हमरीतुमरी झाली. बाहेरून वरात आली, बँड कडाडला. वरातीतल्या हत्तीने खिडकीतून सोंड घातली, बद्रीनाथांची टोपी उचलली आणि हुंगून परत ठेवली! पोरीने मान वर केली नाही. बेचाळीस मिनिटं! मग तिने ठोकळा उचलला आणि थेट अध्यक्षांसमोर ठेवला.

"बद्रीआजोबा, आता तुम्ही करा. मी मध्ये बोलणार नाही."

बद्रीनाथ हसत खाली बसले. पाच दट्टे बसले, सहावा बसेना. अभय पुढे झुकला. "काका, तो नव्हे, त्याच्या शेजारचा..."

"अहो, गप्प बसा हो! माझं मला करू द्या ना!" बद्रीनाथ त्याच्यावर खेकसले.

मग त्यांनी हातातल्या दट्ट्याकडे पाहिलं, मग कल्याणीच्या वहीकडे.

"हेच लिहिलंय होय तुम्ही त्यात?"

"हो काका. हेच."

ठराव त्यांनी स्वतःच फाडला! टाळ्या थेट कर्वेनगरपर्यंत गेल्या. कॉम्प्युटर क्लास गच्चीवरच्या खोलीत गेला, मोठ्या मुलांसाठी. अभयने लेकीला जवळ घेतलं, 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं आणि मुकाट्याने मिटलं. त्या घरात एवढा मोठा बदल आजवर झाला नव्हता.

तर नागरिकहो, मुलांना शिकवायला निघण्याआधी आपण थांबायला शिकू या. जे त्यांच्या हातांना जमतं, ते त्यांच्याच हातांना करू द्या. मदतीच्या नावाखाली आपण त्यांचं...

"थापा पुरे, आजोबा!" ऐकणाऱ्यांतून आम्रपालीच उठली, आता चांगली नोकरदार झालेली. "बेचाळीस मिनिटं खरी. पण आईच्या प्रबंधात त्या दिवसाचे सगळे व्यत्यय लिहिलेत. भाषणं आहेत, बँड आहे, बाबाही आहेत. हत्ती कुठल्या रकान्यात आहे?"