गुणाचे पाय

बाजारकुणंगचा नागू म्हणजे मोठा शहाणा. निदान त्याला स्वतःला तसं वाटायचं, आणि गेल्या श्रावणापासून सारा गावही तसंच म्हणायला लागला होता. का, तर त्यानं धाकट्या भावाला, गुणाला, मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं म्हणे.

झालं होतं असं. रानात लाकूडतोडीला गेलेला गुणा तापानं फणफणला, छातीत कफ दाटला, शुद्ध हरपली. नागूनं त्याला लाकडाच्या लॉरीत घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं तो नाकात ऑक्सिजनची नळी घालून नुसता पडून. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले, आणि लगेच नर्सबाई वॉर्डबॉयला घेऊन हजर! दोघांनी नळीसकट गुणाला उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले, तळवे फरशीला टेकवले. नागू धावत मधे पडला. त्याच्या गावात आजाऱ्याला खाटेवरून भुईवर घेतात ते शेवटचं पाणी पाजायलाच. बाई समजावत होती, की पडूनच राहिला तर अंगातलं बळ जाईल, पाय आखडतील. पण ऐकतोय कोण? नागूनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि नळी निघाली तशी कुणालाही न जुमानता भावाला घरी आणलं.

घरी नागूचा हुकूमच होता, गुणाचा पाय भुईला लागता कामा नये. पेज खाटेवर, अंघोळ खाटेवर. भातं कापून झाली तरी गुणा तिथंच. मांड्या काठीसारख्या झाल्या, गुडघे आखडले ते आखडलेच. जीव वाचला हे काय थोडं झालं, असं नागू येईल त्याला सांगायचा.

माघात उळवीच्या जत्रेत त्याला रामनगरचा धाकलू दिसला. दवाखान्यात हा गुणाच्या शेजारच्या खाटेवर होता, गुणाहून वाईट अवस्थेत. आणि आता नातीला खांद्यावर घेऊन देवळाकडं निघालेला! त्या नर्सबाईनं आपल्यालाही रोज धरून उभं केलं, आपण तिला शिव्या घातल्या, असं तो हसत सांगत होता. मग त्यानं विचारलं, भाऊ कुठं दिसत नाही? गुणा रानात कामावर गेलाय, असं नागू चक्क खोटं बोलला. बोलला आणि शरमला. देवापुढं उभं राहायला तोंडच उरलं नाही. दर्शन न घेताच तो माघारी फिरला.

घरी आल्या आल्या त्यानं गुणाला काखेत हात घालून खाटेच्या काठावर बसवलं आणि पाय खाली सोडले. बोटं तेवढी टेकली. नागूला रडू आवरेना.

गुणा हळूच म्हणाला, "आण्णा, त्या दिशी फरशी गार लागली हुती. उभं ऱ्हावंसं वाटलं हुतं मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू माझ्यासाठीच भांडत हुतास नव्हं."

त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. नागू खाली बसला. गुणाची टाच भुईपासून वरच राहिली होती. तिच्याखाली त्यानं आपला तळहात सरकवला.