उकळीची वेळ

"मेलं घासून घासून नखं झिजली, पन याच्या पोटातली पांडरी खपली काय सुटत न्हाय. एवढा घरचा टोप घासला असता तर सासूनं माजी दिष्ट काढली असती!"

मित्रांनो, ही इस्पितळातली आया तुळशी. कुरकुर माझ्याच कानाशी चालली होती. मी एक जुने तांब्याचे भांडे आहे, शस्त्रक्रियेची हत्यारे उकळणारे. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी रेवसजवळच्या एका छोट्या इस्पितळात आले. तेव्हा माझ्यावर निकेलचा मुलामा होता. रोगी माझ्यात तोंड पाहत आणि स्वतःलाच घाबरत. पुढे इथल्या मचूळ पाण्याने माझे पोट खपल्यांनी भरले.

नलू सिस्टरने माझ्यासाठी एक नियम घातला होता. तुळशीने स्टोव्ह पेटवायचा आणि पाणी खळखळू लागले की ओरडायचे, "फुटली!" ते ऐकून कंपाउंडर हरेश्वरने पाटीवर वेळ लिहायची. तिथून वीस मिनिटे मोजून सिस्टरने झाकण उघडायचे. एक विसरला तर दुसऱ्याने टोकायचे. सात वर्षांत एकही टाका पिकला नाही. मुंबईहून येणारे डॉक्टर माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणत, "इथला खरा सर्जन हा!" मी फुगून जाई. खरे तर मी एकटे काय करणार? जाळ एकाचा, घड्याळ दुसऱ्याचे.

पण डॉक्टर लाँचने येत, आणि ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नसे; भरती आहे तोवरच सगळे उरकून परतावे लागे. रोगी वाढत गेले, भरती काही वाढली नाही. एकदा घाईच्या वेळी हरेश्वरने स्टोव्ह पेटताच वेळ लिहून टाकली. "उकळी काय, फुटेलच की!" म्हणाला. सगळे हसले. नियम मोडला असे कुणालाच वाटले नाही, पाटीवर वेळ होती ना! मग तीच रीत पडली. तुळशीच्या हाकेसाठी कुणी थांबेना, तेव्हा तिने हाक मारणेही सोडले. सिस्टर पाटी वाचायची, क्षणभर माझ्याकडे पाहायची आणि झाकण उघडायची. मी वाफ सोडून सांगितले असते, पण वाफच तर नव्हती.

अशातच मिठागरावरचा मोरू आला. मिठाच्या टोपल्या उचलून उचलून त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला होता. बरोबर बायको सोनूबाई. त्या दिवशी त्याचा नंबर तिसरा, आणि ओहोटी तोंडावर आलेली. आधीच्या रोग्याची हत्यारे धुऊन माझ्यात टाकली, वर गार पाणी ओतले. पाटीवर वेळ लिहिलेली होती. झाकण उघडले तेव्हा माझ्या तळाशी नुसते बुडबुडे धरले होते.

चौथ्या दिवशी मोरूचा टाका पिकला. तापाने तो बरळू लागला. पेनिसिलिनच्या सुया झाल्या. हरेश्वर म्हणाला, इथली हवाच खारी. डॉक्टर म्हणाले, रोग्यात ताकद नाही. मग कळले की सोनूबाईने त्याला चोरून सुकट भरवली होती. सगळ्यांना केवढे हायसे वाटले!

"पथ्य मोडलंस ना, बाई," हरेश्वर तिला म्हणाला. अगदी हळुवारपणे म्हणाला. त्याचेच मला जास्त लागले.

अकराव्या दिवशी सकाळी मोरू गेला.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. पाटीवरचे अक्षर वाचून निश्चिंत होऊ नका, पाण्यात डोकावून बघा. आणि शेजारच्याला टोकले तर वाईट दिसेल म्हणून गप्प राहू नका. मला तोंड नव्हते. त्यांना होते.

सोनूबाई व्हरांड्यात कपाळ बडवून घेत होती. "माज्या हातानं मारला गो मी त्याला! भूक लागली बोलला, म्हनून दोन घास दिले..."

सिस्टर खिडकीकडे वळली. हरेश्वरला एकाएकी बाटल्या पुसायचे आठवले. डॉक्टरांनी बॅग उचलली, पण पाय काही उचलेनात.

तुळशीने जाऊन सोनूबाईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बडवू नको, बाय. तुज्या सुकटीनं न्हाय गेला त्यो. त्या दिवशी पान्याला उकळीच फुटली नव्हती. आमा सगल्यांना म्हाईत व्हतं."