चुलीवरचा चिनी देव

शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये लेकाकडे, दर्शनकडे आलेले चंद्रहासराव दिवसभर स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसत. समोर गॅसच्या वर नात काव्याने एक चिनी देव चिकटवला होता. मैत्रिणीच्या घरून आणलेला, मिशाळ, गुबगुबीत.

"ही इज द किचन गॉड, आजोबा. ही सीज एव्हरीथिंग. इयर-एन्डला वर जाऊन स्वर्गाच्या किंगला रिपोर्ट देतो. म्हणून लोक त्याच्या ओठांना हनी लावतात."

"का गं?"

"सो ही वोन्ट टेल."

आपल्याकडे गप्प बसणारा मिठाची गुळणी धरतो. चिनी माणूस हुशार, देवाचंच तोंड मधाने बंद करतो. चंद्रहासराव पोट धरून हसले.

पुढच्याच आठवड्यात त्या देवासमोर दर्शनने बायकोच्या कानाखाली मारली. भाजी खारट झाली म्हणून. मग पुन्हा, चहा गार म्हणून. अशा लेकाचा कान धरायला बाप लागतो. या बापाने पेपर तोंडासमोर धरला.

परत निघायच्या दिवशी सकाळी सून गिरिजा म्हणाली, "बाबा, मी सांगितलं तर आई म्हणते, संसारात चालायचंच. तुम्ही सांगा. तुमचं ऐकून ती मला घरी बोलावेल."

"सांगतो," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

दुपारी विहीणबाई छायाताईंचा व्हिडिओ कॉल आला. तेवढ्यात दर्शन खजुराचा डबा घेऊन आत आला. "बाबा, एकदम प्रीमियम आहेत. आणि तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं मी बघतो, टेन्शन नाही घ्यायचं." त्याने स्वतःच्या हाताने बापाला एक खजूर भरवला. मऊ, गोड, टाळूला चिकटणारा.

"आमची गिरिजा कशी आहे हो?" छायाताईंनी विचारलं.

गिरिजाचं लाटणं थांबलं.

"मजेत," चंद्रहासराव म्हणाले. "दृष्ट लागेल असा संसार आहे."

लाटणं पुन्हा सुरू झालं. ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

कॉल संपल्यावर काव्या स्टुलावर चढली. आज देवाला वर पाठवायचा दिवस होता. तिने चित्र भिंतीवरून सोडवलं, मधाची बाटली हातात घेतली, आजोबांकडे पाहिलं आणि बाटली परत कपाटात ठेवली.

"नो हनी," ती म्हणाली. "लेट हिम टेल."

खजुराची बी अजून चंद्रहासरावांच्या तोंडातच होती. ती कुठे टाकावी, हे त्यांना कळेना.