सातव्या ओळीतला ठिपका

दाराच्या कडीत तीन वर्तमानपत्रं खोचलेली होती. सोमवारचं, मंगळवारचं आणि त्या दिवशीचं, बुधवारचं. आत एक आडवं पडलेलं स्टूल, एक न फुटलेला बल्ब, एक चप्पल. दुसरी चप्पल कुठे दिसली नाही. टेबलावर चष्मा होता आणि चालू संगणक. पडद्यावर अकरा नावं, प्रत्येक नावापुढे एक हिरवा ठिपका. आणि टेबल व भिंत यांच्यामधल्या दीड फूट जागेत, उजव्या कुशीवर, खांबकाका.

आई त्या फटीत गुडघ्यांवर शिरली. तिने त्यांच्या नाकापाशी हात धरला.

"श्वास आहे. पाणी आण. नाही, आधी फोन कर."

मी फोन केला. पत्ता सांगितला, गच्चीवरची एकच खोली आहे हे सांगितलं, जिना अरुंद आहे, स्ट्रेचर दुसऱ्या वळणावर अडेल हेही सांगितलं. माझा आवाज अगदी शांत होता. आई नंतर म्हणाली, तू कोणाला तरी गणित समजावून देतेयस असं वाटत होतं.

खांबकाकांनी डोळे उघडले. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आज वार कोणता?"

"बुधवार," आई म्हणाली.

"मग बरोबर मोजलं मी," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

स्ट्रेचर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडलं तेव्हा मी त्यांचा चष्मा घ्यायला पुन्हा वर गेले होते. बरोबर नऊ वाजले. माझ्यासमोर संगणकाचा पडदा काळा झाला, त्यातला पंखा मंदावला, थांबला. कोणी हात लावला नव्हता. नऊची वेळ मीच घालून दिली होती.

खांबकाका माझे सख्खे काका नव्हेत. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रार विभागाची सुपरवायझर होती आणि ते लाइनमन. छत्तीस वर्षं ते खांबांवर चढले, म्हणून सगळे त्यांना खांब्या म्हणत आणि आम्ही मुलं खांबकाका. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मुलीकडचे बघायला यायचे तेव्हा मी वर असायचो." त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पुरस्कार नाही, फोटो नाही. शहरातल्या कुठल्या घराची तार कोणत्या खांबावरून जाते ते मात्र त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, आणि त्या तारा काढून टाकल्या त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली.

एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथले जुने संगणक कर्मचाऱ्यांना घरी नेऊ दिले. निवृत्त झालेल्यांपैकी बारा जणांनी नेले. सुरुवातीला पत्त्यांचा खेळ खेळण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. मग त्यांच्यातली एक बाई घरात पडून गेली आणि चार दिवस कोणालाच कळलं नाही. नातेवाईक तेराव्या दिवसापर्यंतही थांबले नाहीत. त्याच आठवड्यात आईने उरलेल्या सगळ्यांना आमच्या घरी बोलावलं आणि नियम केला. सकाळी सात ते आठच्या आत प्रत्येकाने आपला संगणक सुरू करायचा. निरोपांचा एक साधा प्रोग्राम होता. संगणक सुरू झाला की त्यात नावापुढे हिरवा ठिपका यायचा. बोलायचं नाही, लिहायचं नाही. आठ वाजता आई वहीत अकरा खुणा करायची. ज्याची खूण राहिली त्याच्या घराची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने जायचं. खांबकाकांची किल्ली आईकडे होती.

"फोन का नाही करत सरळ?" मी एकदा विचारलं होतं.

"रोज उठून 'जेवलात का, झोपलात का' कोण ऐकेल? आम्ही जन्मभर लोकांचे फोन जोडले," आई म्हणाली. "आता गप्प बसायचा हक्क आहे आम्हाला."

सहा वर्षं ते चाललं. सहा वर्षांत तीनदा किल्ली वापरावी लागली. दोनदा माणूस नुसता झोपला होता, एकदा खरंच ताप होता.

पदवीची परीक्षा झाल्यावर मी या अकरा जणांची फुकटची मेकॅनिक झाले होते. मागच्या वर्षी खांबकाकांकडे गेले तेव्हा ते संगणक सुरू करायला उजव्या अंगठ्यावर डावा तळहात ठेवून, अंगाचा भार देऊन बटण दाबत होते. तिसऱ्या खेपेला दाबलं गेलं. पक्कड चालवून चालवून अंगठ्याचं मूळ झिजलं होतं. मला पाहून ते ओशाळले.

"तुझ्या आईला सांगू नकोस. ती लगेच सभा भरवेल."

मी सभा भरवली नाही. मी दहा मिनिटांत काम केलं. संगणक पावणेसातला आपोआप सुरू होईल, पासवर्ड न विचारता प्रोग्राम उघडेल आणि नऊला सगळं आपोआप बंद होईल अशी सोय करून दिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पावणेसातला जाऊन पाहिलं. पंखा गुरगुरला, पडदा उजळला, सातव्या ओळीत ठिपका आला. खांबकाका खुर्चीत हात जोडून बसले होते.

"वा गं शास्त्रज्ञ! म्हणजे आता मी मेलो तरी दिवा लागणार."

आम्ही दोघं हसलो. मीही हसले. हे लिहिणं टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

बुधवारी सकाळी आठ वाजता आईने अकरावी खूण केली आणि वही मिटली. खांबकाका मंगळवारी संध्याकाळी तिच्या कीबोर्डची केबल बदलायला येणार होते, ते आले नव्हते. दोनदा फोन केला, तो उचलला नव्हता. शनिवारी पत्त्यांच्या डावात आईने त्यांना सगळ्यांसमोर लबाड म्हटलं होतं.

"रुसलाय," ती म्हणाली. "दिवा तर रोज लावतोय वेळेवर. फोन तेवढा उचलत नाही. बसू दे फुगून." मग चहाचा कप उचलता उचलता थांबली. "पण हा माणूस दोन तासांच्या वर कधी रुसत नाही गं."

माझ्या हातात पाव होता. तो मी ताटलीत ठेवला.

"आई, दिवा ते लावत नाहीत."

"म्हणजे?"

"आपोआप लागतो. मी करून दिलंय. वर्षापूर्वी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचं तोंड किंचित उघडं होतं.    तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि अनवाणीच निघाली. बारा मिनिटांचा रस्ता आम्ही सात मिनिटांत गेलो. पोहोचलो तेव्हा आठ वीस झाले होते.

रविवारी संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या तेव्हा ते स्टुलावर चढले होते, बल्ब बदलायला. छत्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस दीड फुटांवरून पडला. खुबा मोडला. उजवा हात अंगाखाली सापडला. एकसष्ट तास वीस मिनिटं. टेबलाच्या कडेवरून ओढून घेतलेल्या बाटलीत अर्धं पाणी होतं, ते त्यांनी घोट घोट पुरवलं.

हे सगळं त्यांनी मला पाचव्या दिवशी सांगितलं, रुग्णालयात. आई बाहेर डॉक्टरांशी बोलत होती.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"स्टूल तू हलवलंस का?"

"काका."

"बरं, ऐक. पहिल्या रात्री मला काळजी नव्हती. म्हटलं, सकाळी आठला तुझी आई बघेल, ठिपका नाही, येईल धावत. शिव्या देईल आणि उचलेल. मग उजाडलं. आणि पंखा गुरगुरला." ते थांबले. "मी विसरूनच गेलो होतो गं. मला वाटलं कोणी आलं खोलीत. मग आठवलं."

मी पलंगाची चादर सरळ केली.

"हाक मारली मी त्याला. यंत्राला. बंद हो म्हटलं, मेल्या, बंद हो. डाव्या हाताने वायर ओढायला गेलो, चार बोटं कमी पडली. मंगळवारी पुन्हा तेच. फोनही वाजला दोनदा, तोही वरच, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. आज सकाळी तिसऱ्यांदा पंखा सुरू झाला—" ते चुकले, आज नव्हे, बुधवारी, पण त्यांनी सुधारलं नाही. "तेव्हा मी मोजायला लागलो, आपण किती जणांना रोज सकाळी फसवतोय. दहा. वर्षभर."

रविवारी बाकीचे दहा जण आमच्या घरी जमले. मी उभी राहून सगळं सांगितलं. कोणती वेळ घातली, का घातली, कोणापासून लपवलं. मला वाटलं होतं ओरडतील. स्टोअरकीपर आजोबा चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"माझाही सूनबाईच लावते," ते म्हणाले. "मी आठपर्यंत झोपतो."

कोणी तरी हसलं, आणि ते हसणं मधेच तुटलं.

"मी तर बंदच करत नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या पूर्वी रात्रपाळीला असायच्या. "सकाळी नाही उठता आलं तर उगाच तुम्हाला हेलपाटा, म्हणून. चालूच ठेवते रात्रभर."

"अगं पण मग तू गेलीस तर?" आई किंचाळलीच.

"तर तुम्हाला त्रास नाही, एवढंच डोक्यात होतं."

आईने वही उघडली आणि पहिल्यापासून एकेकाला विचारत गेली. तू स्वतः लावतेस? तू? खरं सांग. शेवटी अकरांपैकी चार ठिपके माणसांचे नव्हते. आई धपकन खुर्चीत बसली. सहा वर्षांच्या वह्या तिच्या मांडीवर होत्या. तिने त्यांवर दोन्ही हात ठेवले, वारा सुटला असावा तसे.

"इतकं काय अवघड होतं रे," ती म्हणाली, "नाही जमत म्हणून सांगणं?"

 त्या संध्याकाळी मी चारही घरी जाऊन हे सगळं थांबवून आले. ऑपरेटरबाईंनी स्वतः, माझ्यासमोर, बटण दाबून संगणक बंद केला आणि म्हणाल्या, "फार शांत वाटतंय गं खोलीत."

खांबकाकांचा प्रश्न राहिला. रुग्णालयातून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी सोडणार होते. भाच्याने वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली होती. भाचा वाईट माणूस नव्हता, दूर राहत होता. आमच्या दहा जणांचं म्हणणं होतं की ते खोलीवरच परत यावेत, जेवण आणि सोबत पाळीपाळीने करू. स्टोअरकीपर आजोबांनी त्यांना तळमजल्यावरची आपली मागची खोलीही देऊ केली. खांबकाका ऐकून घेत होते.

"ठिपका मला लावता आला तर येतो," ते म्हणाले. "नाही तर भाचा म्हणतो तिकडे."

"कोपराने दाब की," स्टोअरकीपर आजोबा म्हणाले. "काठीने दाब."

"काठीने दाबला तर तो काठीचा दिवा. डावा हात चालायच्या काठीला लागणार. उजव्या अंगठ्यानेच." मग माझ्याकडे वळून, "बटणाला किती जोर लागतो गं?"

मी त्यांचा संगणक घरी आणून पाठीवर आडवा ठेवला. बटणावर खोडरबराचा तुकडा, त्यावर रिकामी बाटली. बाटलीला बोटांनी नुसता तोल दिला आणि थेंब थेंब पाणी ओतत गेले, बटण खट्ट होईपर्यंत. मग बाटली आणि खोडरबर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. पाच वेळा केलं. सगळ्यात कमी तीनशे दहा ग्रॅम, सगळ्यात जास्त तीनशे पन्नास.

तोच काटा मी रुग्णालयात नेला. पहिल्या दिवशी त्यांचा अंगठा काट्यावर नुसता टेकला. चाळीस ग्रॅम, म्हणजे अंगठ्याचंच वजन. दाबल्या गेलेल्या नसा हळूहळू जाग्या होतात, डॉक्टर म्हणाले, किंवा होत नाहीत. दुसऱ्या सोमवारी पंच्याण्णव. मंगळवारी एकशे चाळीस. सिस्टर औषध द्यायला येऊन म्हणायच्या, "आजोबा, आज काय भाव भाजीचा?" आणि ते म्हणायचे, "महाग आहे बाई, फार महाग." बुधवारी दोनशे तीस.

गुरुवारी भाचा आला होता. तो खिडकीपाशी उभा होता, हातात वृद्धाश्रमाचा अर्ज, त्यावर सही व्हायची होती. आई पलंगाच्या पायथ्याशी. मी काटा उशीवर ठेवला, हलतो म्हणून काढला, जेवणाच्या ट्रेवर ठेवला आणि शून्य केला.

"तीन वेळा देशील?" खांबकाकांनी विचारलं.

"तीन."

पहिल्या खेपेला अंगठा घसरला. दुसऱ्या खेपेला दोनशे साठ. त्यांनी हात मांडीवर ठेवून विसावा घेतला. कपाळावर घाम होता. आई पुढे आली आणि रुमालाने टिपून मागे झाली.

"आकडा येईल तोच लिही," ते मला म्हणाले. "माझ्यासाठी फुगवू नकोस."

तिसऱ्यांदा त्यांनी श्वास धरला आणि दाबलं. खांदा उचलला गेला. त्यांनी तो खाली घेतला आणि नुसत्या अंगठ्याने दाबत राहिले. आकडे चढले, थांबले, एकदा मागे आले, पुन्हा चढले आणि स्थिर झाले.

मी लिहिलं. दोनशे पंच्याऐंशी ग्रॅम. बटणाला लागतात त्यापेक्षा पंचवीस कमी.