घाट, तिसरी पायरी

नगरपालिकेत माझं काम एवढंच होतं, नदीचं पाणी बाटलीत भरायचं आणि तपासायला पुण्याला पाठवायचं. पाणी शुद्ध करणं माझ्याकडे नव्हतं, गटार बुजवणं नव्हतं, कुणाला अडवणंही नव्हतं. कागदोपत्री याला 'नमुना घेणे' म्हणतात, आणि खालच्या आळीनं त्यावरून माझं नवं बारसं करून टाकलं. "नमुना आला गं," असं म्हणून बायका पदरात हसायच्या. आईबापानं ठेवलेलं केरबा हे नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर. नळ होते ते वरच्या पेठेत. खालची आळी नदीवर जगायची. नदीला दगडी घाट होता. घाटापासून साठ पावलं खाली पालिकेनं बांधलेलं पावसाचं गटार नदीला मिळायचं. बांधलं पावसाच्या पाण्यासाठी, पण वरच्या पेठेनं आपापले संडास गुपचूप त्याला जोडून दिले. पावसाळ्यात त्यातून काय काय वाहत यायचं ते मी रोज बघत होतो. आणि त्या गटाराच्या तोंडाखाली वीस हातांवर खालच्या आळीचा पाणवठा. घाट लांब पडतो म्हणून बायका तिथंच घागरी बुडवायच्या.

मी बाटली मात्र भरायचो घाटावर. रजिस्टरात जागाच तशी लिहिलेली होती: घाट, तिसरी पायरी. कुणी ठरवली ठाऊक नाही, पण ठरवणारा हुशार असणार. गटाराच्या वरचं पाणी वाईट निघणारच कसं? दर महिन्याला पुण्याहून कागद यायचा, 'पिण्यास योग्य'. तो फायलीला लागला की गावाची नदी महिनाभर शुद्ध.

खालच्या पाणवठ्याचा नमुना घेऊ द्या, असा अर्ज मी दोनदा केला. आरोग्य निरीक्षक हंबीरराव साहेब वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या वेळी त्यांनी मला समोर बसवलं.

"केरबा, त्या जागेला नंबर नाही. नंबर द्यायचा तर ठराव पाहिजे. ठरावात गटाराचा विषय निघणार, आणि ज्यांनी हात वर करायचे त्यांचेच संडास गटारात. कुठं डोकं आपटून घेतोस?"

मी रंगुबाईच्या घरी भाड्यानं राहायचो, पत्र्याच्या पडवीत. रंगुबाई आटपाडीकडची, मेंढरांमागं जन्म गेलेली. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा मुलगा सिद्धू आणि सून अंजना यांना घेऊन ती नदीकाठाला आली. सिद्धू आता दुसऱ्याची मेंढरं घेऊन पूर्वेला गेलेला. घरात दोघी बायका आणि पडवीत मी. मी तिला आत्या म्हणायचो.

खालचं पाणी पिऊ नका, हे तिला पटवायला मला चार महिने लागले. उकळून प्या म्हटलं, तर म्हणाली, "भाकरीला जळण न्हाई आन् पानी उकळू व्हय?" परत म्हणायची, "आमच्याकडं डबक्यातलं पानी फडक्यानं गाळून पीत हुतो आमी. ही तर किष्णामाई हाय." पण अंजनाला दिवस गेले तेव्हा ती नरमली. अंजनाचं पहिलं पोटात असतानाच गेलं होतं.

"तू शिकल्याला हायेस," ती म्हणाली. "तू म्हनतुयास म्हून वर जाते. मला त्यातलं काय कळत न्हाई."

तेव्हापासून सगळ्या आळीत तेवढी एकटी रंगुबाई घाटावर यायची. पाण्याची पातळी आणि रंग लिहून घ्यायला मी रोज सकाळी तिथं असायचो. घागर बुडवण्याआधी ती न चुकता विचारायची, "काय रं नमुन्या, आज कसं हाय पानी?" मी म्हणायचो, "बेस हाय, आत्या." मग घागर बुडायची. खरं सांगतो, एवढ्या नोकरीत मी केलेलं तेवढंच एक काम होतं.

आषाढात आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात खाटा पुरेनात, दोन लेकरं गेली. माझं डोकं सटकलं. महिन्याचा नमुना घ्यायचा दिवस होता. मी घाटावर गेलो, तिसऱ्या पायरीवर क्षणभर बसलो आणि उठून सरळ खालच्या पाणवठ्यावर गेलो. बाटलीच्या तोंडावरचा कागद सोडला, गटाराचा काळा पट्टा वाहत होता तिथं ती बुडवली, बूच लावलं. चिठ्ठीवर लिहिलं: घाट, तिसरी पायरी. खाली सही केली. बर्फ आणि लाकडाच्या भुशात बाटली दाबून पेटी पुण्याच्या एसटीवर चढवली.

माझा हिशोब असा होता. कागद वाईट आला की साहेब दचकतील, विचारतील, घाटावर घाण आली कुठून? मी त्यांना हाताला धरून गटाराच्या तोंडाशी नेईन. कागद यायला नेहमी नऊ-दहा दिवस लागत. मधेच मला शिराळ्याला पाठवलं. नागपंचमीच्या जत्रेआधी तिथल्या विहिरींत औषधाची पावडर टाकायला आजूबाजूच्या गावांतनं माणसं घेत. पाच दिवसांचं काम. जत्रा आटोपून परतेन तेव्हा कागद येईल, असं म्हणून मी गेलो.

कागद सहाव्या दिवशीच आला.

मी परतलो ते भर दुपारी, घामानं निथळत. रंगुबाईनं तांब्या दिला, मी उभ्या उभ्या रिकामा केला. तळाला बारीक काळा गाळ राहिला होता.

"आत्या, हे कुठलं पाणी?"

"खालचं. आजचा चौथा दीस." तिनं तांब्या माझ्या हातातनं घेतला. "घाट बंद केलाय न्हवं. समद्या गावाला ठावं हाय, तुला न्हाई व्हय? तूच तर बाटली भरलीस म्हनं, आन् त्यात किडं निघालं."

मी पळत घाटावर गेलो. पहिल्या पायरीला दोरी बांधलेली, वर पाटी: 'येथील पाणी पिण्यास अयोग्य आहे.' पालिकेचा पहारेकरी तात्याबा काठी घेऊन बसला होता. दोन वर्षांत पालिकेनं माझ्या एकाही कागदावरून बोट हलवलं नव्हतं. या एका कागदावर एका दिवसात पाटी, दोरी आणि पहारेकरी.

"तुज्या बाटलीनं लई काम केलं गड्या," तात्याबा कौतुकानं म्हणाला. "एका बाईला हात लावू दिला न्हाई म्या पान्याला."

खाली पाणवठ्यावर गर्दी होती. मी तिथं जाऊन ओरडून सांगितलं, हे पाणी भरू नका, वरचं चांगलं आहे. बायका थांबल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. एक जण म्हणाली, "वर बी तूच नगं म्हनतोस, हितं बी तूच नगं म्हनतोस. मग काय हिरीत जीव द्यावा?" बाकीच्या हसल्या आणि घागरी भरून गेल्या.

कचेरीत जाऊन मी हंबीरराव साहेबांना सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही. त्यांनी समोरची फाईल मिटली.

"तुला निलंबित करता येईल, ते कळतंय का?"

"करा साहेब. पण पाटी काढा. नाहीतर उचलून खाली लावा."

"कशावरून काढू? तुझ्या तोंडावरून? माझ्याकडे पुण्याचा कागद आहे, त्यावर घाट लिहिलाय. दुसरा कागद चांगला आला की काढीन. आणि खाली लावू म्हणतोस, तर खाली अशी कुठली जागा रजिस्टरला आहे?" त्यांचा आवाज चढला नाही. "नवीन नमुना भर. ह्या वेळी मी येतो बरोबर."

आले ते. मी तिसऱ्या पायरीवर बसून बाटली भरली, त्यांनी चिठ्ठीवर माझ्या सहीखाली सही केली. पेटी एसटीवर गेली. आता पुन्हा नऊ दिवस.

रंगुबाईला मी हात जोडले, की खालचं पाणी नको. ती म्हणाली, "मग कुठलं पाजू?" मी दोन घागरी घेतल्या, गावाला वळसा घालून घाटाच्याही वर चिखलातून नदीत उतरलो आणि भरून आणल्या. रोज आणू लागलो. पण चार दिवस अंजनाच्या पोटात गेले होते, ते काही मला उपसता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. बैलगाडीत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. बाटलीतून तिच्या शिरेत पाणी सोडलं होतं, स्वच्छ, उकळलेलं, बंद बाटलीतलं. मी ते थेंब मोजत बसलो होतो. अंजना वाचली. पोर मात्र सातव्यातच झालं आणि रडलं नाही.

नवव्या दिवशी कागद आला. घाट, तिसरी पायरी, पिण्यास योग्य. तात्याबानं दोरी सोडली, पाटी उचलून कचेरीच्या मागं टाकली. मला निलंबित कुणी केलं नाही. केलं असतं तर खालच्या पाणवठ्याचं नाव कागदावर आलं असतं.

संध्याकाळी मी रंगुबाईसमोर बसलो. तोवर तिला एवढंच ठाऊक होतं, की कचेरीची कसलीतरी चूक झाली. मी सांगितलं, चूक कचेरीची नाही, माझी.

ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"म्हंजी पानी खालचं आन् नाव वरचं?"

"व्हय आत्या."

"मग खालचंच नाव का न्हाई घातलंस?"

"खालच्या जागेला नंबर न्हाई. नंबर नसला की कागदावर काय बी येत न्हाई."

ती खडा शोधत राहिली. मग म्हणाली, "त्या लेकराला बी नाव न्हवतंच ठिवल्यालं."

मी पडवीत येऊन बसलो आणि रडलो. खोली सोडावी असं वाटलं. तिनं जा म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण ती तसं म्हणाली नाही. ताट मात्र नेहमीच्या वेळेला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी घाटावर गेलो. पातळी लिहिली, रंग लिहिला. खाली गटाराच्या तोंडाशी आळीच्या बायका रोजच्यासारख्या घागरी बुडवत होत्या. पाटी गेली तरी घाटाचं पाणी नासलंय हे त्यांच्या डोक्यातनं गेलं नव्हतं. तेवढ्यात वरून रंगुबाई आली, एकटीच. पायऱ्या उतरली, माझ्याशेजारी तिसऱ्या पायरीवर वाकली.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं काही न विचारता घागर बुडवली.